भामटा

गेले काही महिने मी एक रिकामटेकडा उद्योग आरंभलाय. सकाळी पेपर वाचताना 'भामटा' हा शब्द दिसला की पेन्सिलीने त्याभोवती गोल करायचा. घरात यावर टिंगल होते, पण होऊ दे. शब्द मिळायला कष्ट पडत नाहीत. सायबर भामटे, बँकेचं केवायसी करून देणारे भामटे, दागिन्यांना पॉलिश करून देतो म्हणून दारात येणारे भामटे. एटीएममध्ये 'काका, मी मदत करू का' म्हणणारा भामटा आता जुना झाला, त्याची जागा फोनवरून 'डिजिटल अटक' करणाऱ्याने घेतली. हत्यार बदलतं, शब्द मात्र तोच.

आणि शब्द चपखल आहे हे कबूल करायलाच हवं. चोर तुमच्या नकळत येतो. दरोडेखोर तुमच्या देखत येतो, पण त्याच्या हातात काहीतरी असतं. भामटा तुमच्याशी गप्पा मारतो. तो गोड बोलतो, चौकशी करतो, आणि वस्तू बऱ्याचदा तुम्हीच त्याच्या हातात ठेवता. 'लबाड' त्या मानाने सौम्य, लबाड मूलही असू शकतं आणि मांजरही. 'लुच्चा' थोडा अधिक ओशाळवाणा. 'ठक' पुस्तकी. भामट्यात जे कसब आहे, ते यातल्या कुणात नाही. म्हणूनच की काय, या शब्दाला लाडाचाही एक पदर आहे. आमची आजी नातवंडांना सर्रास म्हणायची, "अरे भामट्या, डब्यातले दोन लाडू कुठे गेले रे?" त्यात राग नसायचा, उलट थोडं कौतुकच असायचं.

आता दुसरी गोष्ट. महाराष्ट्र शासनाची विमुक्त जातींची एक यादी आहे. त्यात चौदा नावं आहेत. बेरड, बेस्तर, आणि तिसरं नाव: भामटा. पुढे कैकाडी, कंजारभाट, कटाबू, बंजारा, पाल पारधी, राज पारधी, मग राजपूत भामटा, नंतर रामोशी, वडार, वाघरी, छप्परबंद. म्हणजे आपण ज्या शब्दाने फसवणाऱ्याला ओळखतो, तो शब्द या राज्यात हजारो माणसांच्या जातीच्या दाखल्यावर सही-शिक्क्यानिशी छापलेला आहे. शाळेत नाव घालताना बाप तो सांगतो, मास्तर तो लिहून घेतो, आणि वर्गातली पोरं तो ऐकतात.

हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं तेव्हा साहजिकच प्रश्न पडला, की आधी काय? जातीवरून शब्द आला, की शब्दावरून जात?

आपल्याकडे सहसा पहिलंच गृहीत धरतात. भामटा नावाची एक जात होती, ती लोकांना फसवून चोऱ्या करायची, म्हणून फसवणाऱ्याला भामटा म्हणू लागले. ऐकायला सरळ वाटतं. इंग्रज साहेबांनीही साधारण असंच लिहून ठेवलंय. पण जरा खोलात गेलं की हे सरळ राहत नाही.

आधी शब्दाकडे बघू. संस्कृतात 'भ्रम्' धातू आहे. त्याचे दोन अर्थ आपण आजही रोज वापरतो: फिरणं (भ्रमण) आणि चुकणं, चकणं (भ्रम). प्राकृतात त्याचं 'भम' झालं आणि मराठीत त्याचं मोठं गोतावळं तयार झालं: भोवरा, भोवळ, भोवती, भवणे. भामटा हा मला याच घरातला वाटतो. फिरणारा आणि फिरवणारा, दोन्ही. 'त्याने मला चांगलंच फिरवलं' असं आपण आजही म्हणतोच की. हे बरोबर असेल तर हा शब्द मुळात एखाद्या कुळाचं नाव नाही, ते एका कृतीचं वर्णन आहे.

असे शब्द बाकीही आहेत. 'ठग' संस्कृतातल्या 'स्थग' वरून आला. स्थग् म्हणजे झाकणं. आपलं 'स्थगित' त्याच धातूचं, म्हणजे स्थगित झालेली सभा आणि ठग हे सख्खे चुलत भाऊ! 'बदमाश' तर त्याहून बोलका. फारसीत 'मआश' म्हणजे उपजीविका. बदमाश म्हणजे ज्याची उपजीविका वाईट तो. माणूस वाईट असं त्या शब्दात कुठेच नाही, त्याचं पोट भरायचं साधन वाईट एवढंच आहे. हा फरक पुढे उपयोगी पडेल म्हणून लक्षात ठेवा.

आता जातीकडे. शासनाच्या यादीत 'भामटा' या नावाखाली पोटनावं दिली आहेत. ती वाचण्यासारखी आहेत: भामटी, गिरणी वडार, कामाटी, पाथरुट, टकारी, उचले, गंठीचोर. (काही ठिकाणी हे 'घंटीचोर' असं छापलेलं दिसतं. इंग्रजीतून मराठीत परत येताना गाठीची घंटा झाली. देवळातली घंटा चोरणारे असा अर्थ कुणी लावला तर दोष कुणाला द्यायचा?)

यात दोन प्रकारची नावं सरमिसळ झाली आहेत. उचल्या म्हणजे उचलणारा, गंठीचोर म्हणजे गाठ चोरणारा. ही नावं कुठलाही समाज स्वतःच्या बारशात स्वतःला ठेवत नाही. ती बाहेरून चिकटवलेली आहेत. 'गंठीचोर' तर फारच जुनं. पूर्वी अंगरख्याला, धोतराला खिसे नव्हते. पैसे धोतराच्या सोग्यात, पदरात, कमरेच्या शेल्यात गाठ मारून ठेवायचे. ती गाठ सोडवणारा किंवा कापणारा तो गंठीचोर. मनुस्मृतीत त्याला 'ग्रंथिभेद' म्हटलंय आणि शिक्षाही दिली आहे: पहिल्या वेळी बोटं तोडावीत, दुसऱ्या वेळी हातपाय, तिसऱ्या वेळी वध. पुढे 'खिसा' आला (शब्दही फारसीतून, 'कीसा' म्हणजे थैली), आणि गाठ सोडणाऱ्याचा खिसेकापू झाला. म्हणजे गंठीचोर हा एक धंदा होता, त्याला मनूच्या काळापासून नाव होतं, आणि त्या नावाला तेव्हा जात नव्हती.

उरलेली नावं बघा. टकारी हे टाकीवरून. टाकी म्हणजे छिन्नी. पाथरुट हे पाथरावरून, म्हणजे दगडावरून. ही कामाची नावं आहेत आणि काम कोणतं, तर जाती आणि पाटे टाकवून देण्याचं. नव्या पिढीसाठी थोडं सांगते. दगडी जातं वापरून वापरून गुळगुळीत होतं, मग त्यात पीठ नीट पडत नाही, नुसता भरडा निघतो. पाट्याचंही तेच, चटणी वाटली जात नाही, नुसती सरकते. मग त्यावर छिन्नीने बारीक टिचे मारून तो पुन्हा खरखरीत करायचा. आई सांगते, त्यांच्या गावात वर्षातून दोनदा तरी टाकी लावणाऱ्या बाया यायच्या. गल्लीतून हाळी द्यायच्या, अंगणात बसून टक टक टक करत पाटा टाकवायच्या, आणि बदल्यात धान्य, भाकरी, जुनं लुगडं घेऊन जायच्या. पहिलं वाटण टाकून द्यायचं, नाहीतर चटणीत कच लागते, हेही त्याच सांगायच्या. आईच्या बोलण्यात त्यांच्याबद्दल संशय अजिबात नाही. ज्या बाईला तुम्ही स्वयंपाकघरातला पाटा देता, तिला तुम्ही चोर समजत नसता. पिठाच्या गिरण्या आल्या, मग मिक्सर आले, आणि हे काम संपलं. ज्यांच्या पोटावर पाय आला त्यांनी पुढे काय केलं, हे फारसं कुणी विचारलं नाही.

या टकारी-पाथरुट मंडळींच्या घरात बोली तेलुगूच्या वळणाची. आणि तिकडे विदर्भात भामटा म्हणवले जाणारे जे लोक, त्यांची कुळनावं राजपुतांची. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंड काढले, त्यात भामट्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. चोरीची वर्णनं भरपूर आहेतच, पण त्याच प्रकरणात हेही आहे की तिथले भामटे सण म्हणजे ताग पिकवतात आणि त्याचे दोर वळतात. एकीकडे दगड फोडणारे, तेलुगू वळणाचं बोलणारे, दुसरीकडे ताग पिकवणारे, राजपूत आडनावांचे. भाषा वेगळी, काम वेगळं, मुलूख वेगळा, आपसात सोयरीक नाही. आणि नाव एकच, भामटा.

हे नाव त्यांचं असतं तर असं झालं नसतं. माझ्यापुरता निकाल लागला: आधी शब्द, मग जात. एक फसवणुकीची क्रिया होती, तिला एक शब्द होता, आणि मग कुणीतरी त्या शब्दाची पेटी करून त्यात निरनिराळ्या लोकांना कोंबलं.

कुणी? गावाने थोडंफार आधीच केलं असणार. फिरस्त्यावर संशय घेणं ही गावाची जुनी सवय. पण पेटीला कुलूप लावलं ते इंग्रजांनी, आणि त्यात रेल्वेचा हात मोठा होता. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली, १८६३ साली बोरघाट उघडला, आणि अचानक शेकडो अनोळखी माणसं रात्रभर एका डब्यात गाठोडी उशाला घेऊन झोपू लागली. यापूर्वी असा प्रसंग आपल्या लोकांवर कधी आलाच नव्हता. जत्रेत गर्दी असायची, पण जत्रेत आपण जागे असतो. गाठोडी जाऊ लागली. कुणी नेली? भामट्यांनी. त्या काळच्या पोलिसी लिखाणात भामटा हा मुख्यतः रेल्वेतला चोर आहे. मुंबई इलाख्यातले पोलीस अधिकारी मायकेल केनेडी यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'गुन्हेगार वर्गां'वर एक जाडजूड पुस्तक लिहिलं, त्यात जात-जात घेऊन वेश, बोली, सांकेतिक भाषा, चोरीची पद्धत असं सगळं आहे. पक्षीनिरीक्षणाचं पुस्तक असतं ना, तसं. चोंच अशी, पंख असे, हिवाळ्यात इकडे आढळतो.

असं पुस्तक लिहिता येतं, कारण त्यामागे तसा कायदा होता. सुरुवात ठगांपासून झाली. १८३६ च्या ठगीच्या कायद्यात एखादा विशिष्ट गुन्हा सिद्ध करायची गरज नव्हती. माणूस ठगांच्या टोळीतला आहे एवढं सिद्ध झालं की जन्मठेप. मग १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. तो मांडताना झालेला युक्तिवाद असा, की या देशात सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा मुलगा विणकर, तसा चोराचा मुलगा चोर. आपल्याच जातिव्यवस्थेचा आरसा साहेबाने आपल्याला दाखवला आणि आपल्या शहाण्यासुरत्या लोकांना त्यात काही वावगं दिसलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. हा कायदा आधी उत्तरेत लागू झाला. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला आणि १९२४ मध्ये पुन्हा एकत्र बांधून घट्ट केला गेला.

कायदा चालायचा कसा? जमात 'जाहीर' व्हायची. मग त्यातल्या माणसांची नोंदणी, बोटांचे ठसे, हजेरी. गाव सोडायचं तर परवाना. हजेरी चुकली की तोच गुन्हा. इथे 'बदमाश' आठवा. त्या शब्दात निदान उपजीविका वाईट होती, बदलता येण्यासारखी. या कायद्यात उपजीविकेचा प्रश्नच नव्हता, जन्म पुरेसा होता.

सोलापूरला आमचं आजोळ. तिथे 'सेटलमेंट' नावाचा भाग आहे. लहानपणी मामाच्या तोंडून 'सेटलमेंटच्या पलीकडे', 'सेटलमेंटच्या रस्त्याने' असं ऐकलेलं, आणि मला ते शिवाजी पेठेसारखं नुसतं एक नाव वाटायचं. इंग्रजी शब्द आहे, तर साहेब लोक राहत असतील! ते तारेच्या कुंपणातलं गाव होतं. कैकाडी, टकारी, पारधी, कंजारभाट, भामटा अशा 'जाहीर' जमातींची कुटुंबं तिथे आणून ठेवलेली. सोलापुरात गिरण्या होत्या, गिरण्यांना हात हवे होते, आणि कुंपणातले हात संपावर जायला बिचकतात. सुधारणा आणि सोय अशी एका जागी छान भेटली. आजही पत्त्यांवर 'सेटलमेंट फ्री कॉलनी' असं लिहितात. त्यातला 'फ्री' हा शब्द नंतरचा. कुंपण गेल्यानंतरचा.

मुंबई प्रांताने १९४९ मध्ये हा कायदा काढला आणि देशभरातून तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी. म्हणून ही मंडळी ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात, आणि 'विमुक्त' हे नावही तिथलंच. पण १९५९ साली मुंबई राज्याचा 'सवयीच्या गुन्हेगारां'चा कायदा आला. त्यात जातीचं नाव नाही. पोलीस मात्र तेच होते आणि सवयही तीच होती.

यानंतरचं मी सांगण्यापेक्षा लक्ष्मण गायकवाडांचं पुस्तक वाचावं. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचा माणूस, जन्म १९५२ चा, म्हणजे कायदा गेला त्याच वर्षीचा. १९८७ साली आत्मकथा लिहिली, १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तकाचं नाव 'उचल्या'. पोलिसांनी कागदावर चढवलेलं नाव त्यांनी मुखपृष्ठावर छापलं. भीमराव गस्तींनी तेच केलं, त्यांच्या पुस्तकाचं नाव 'बेरड'.

बेरडावरून एक आडवळण, कारण राहवत नाही. आपण निगरगट्ट माणसाला बेरड म्हणतो. हे मूळ कानडी बेडर, म्हणजे शिकारी. सुरपूरच्या बेडर नायकांनी १७०५ साली वागिणगेऱ्याच्या किल्ल्यावर खुद्द औरंगजेबाला झुंजवलं होतं. म्हाताऱ्या बादशहाची ती शेवटची मोहीम. किल्ला पडला, पण पिड्या नायक हाती लागला नाही. तो निगरगट्टपणा आपल्या बाजूचा असता तर आपण त्याला चिवटपणा म्हटलं असतं.

असो. पुन्हा भामट्याकडे.

मध्यंतरी एका भाचीने विचारलं, "मावशी, इतकं आहे तर ते नाव बदलून का नाही टाकत?" प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर विचित्र आहे. २०२३ मध्ये 'राजपूत भामटा' यातला 'भामटा' हा शब्द वगळण्याची गोष्ट निघाली. अपमानकारक शब्द आहे, काढून टाकू. यात कुणाचं काय बिघडणार? पण विरोध झाला, आणि तो विमुक्तांमधूनच झाला. कारण हिशोबाचं आहे. विमुक्त जातींना राज्यात तीन टक्के आरक्षण आहे. 'राजपूत भामटा' मधून भामटा काढला की उरतो राजपूत. मग खुल्या वर्गातला कुणीही राजपूत त्या तीन टक्क्यांच्या दारात उभा राहू शकतो. तशी खोटी प्रमाणपत्रं काढल्याच्या तक्रारी आधीपासून आहेतच. म्हणजे भामटा नसलेले लोक, भामटा असल्याचं खोटं सांगून, भामट्यांचं घेतायत. शब्दाचा कोशातला अर्थ आणि दाखल्यावरचा अर्थ इतका समोरासमोर मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही. शंभर वर्षं जो शब्द पाठीवर मारला गेला, तोच आज एकमेव पुरावा आहे की मार खाणारे हेच.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमपुस्तकांतल्या जातीवर आधारलेल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. त्यात विमुक्त जातींच्या कैद्यांना सवयीचे गुन्हेगार धरून वेगळं वागवणारे नियमही होते. कायदा १९५२ ला गेला होता, बरं का. नियमपुस्तकांत तो बहात्तर वर्षं मुक्कामाला होता.

आमच्या घरी सध्या 'भामटा' ऐवजी 'ठक' चालतो. नातवंडांना 'लबाड'. आईला मात्र हे काही पटलेलं नाही. ती म्हणते, टाकी लावणाऱ्या बायांना आम्ही कधीच भामट्या म्हटलं नाही, त्यांचा आणि त्या शब्दाचा काय संबंध? यावर माझ्याकडे उत्तर नाही, कारण तिच्या बाजूने पाहिलं तर खरोखरच काही संबंध नाही. तिने त्यांना टाकीवाल्या म्हणूनच ओळखलं. तुमच्यापैकी कुणाच्या गावी या बायांना वेगळं नाव असेल, किंवा त्यांची हाळी कुणाला शब्दशः आठवत असेल, तर जरूर लिहून कळवा. आईला हाळीची चाल आठवते, शब्द आठवत नाहीत.